गटापासून गट किती दूर?

कॅनडातल्या गॅस्पे द्वीपकल्पावरच्या एका कुरणात एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं आयरिसच्या दोन जातींची फुलं खुडली. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, आणि मोजणारा माणूसही एकच. तिसऱ्या जातीची फुलं दुसरीकडून आली. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तिन्ही जातींची पन्नास-पन्नास फुलं आणि प्रत्येक फुलाची चार मापं: बाहेरच्या दलाची लांबी-रुंदी आणि आतल्या पाकळीची लांबी-रुंदी. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली एका निबंधात ही मापं वापरली. तेव्हापासून संख्याशास्त्र शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून ही दीडशे फुलं गेली आहेत.

आता जातींची नावं झाकायची, नुसती मापं संगणकाला द्यायची आणि सांगायचं, यांचे तीन गट पाड. एका पद्धतीनं गट पडतात ५०, ९८ आणि २ फुलांचे. दुसऱ्या पद्धतीनं ५०, ७२ आणि २८. तिसरीनं ५०, ६४ आणि ३६. फुलं तीच, मापं तीच, दोन फुलांमधलं अंतर काढायचं सूत्रही तेच. सेटोसाची ५० फुलं तिन्ही वेळा अचूक बाजूला निघतात, पण उरलेल्या शंभरांची वाटणी प्रत्येक पद्धत आपापल्या परीनं करते. या पद्धतींमध्ये फरक एवढाच आहे, की दोन फुलांमधलं अंतर कळल्यावर दोन गटांमधलं अंतर कशाला म्हणायचं, हे प्रत्येकीनं वेगळं ठरवलं आहे.

श्रेणीबद्ध समूह विश्लेषणाची, म्हणजे हायरार्किकल क्लस्टरिंगची, रीत सांगायला सोपी आहे. सुरुवातीला प्रत्येक फूल हाच एक गट. दीडशे फुलांच्या ११,१७५ जोड्या होतात, त्या सगळ्यांची अंतरं काढायची. सर्वांत जवळची जोडी एकत्र करायची. मग उरलेल्यांतली सर्वांत जवळची. असं १४९ वेळा केलं की सगळी फुलं एका गटात येतात. कोण कोणाला किती अंतरावर मिळालं याचं झाडासारखं चित्र काढलं, की त्याला डेंड्रोग्राम म्हणतात. ते हव्या त्या उंचीवर आडवं कापलं की हवे तितके गट हाती येतात.

पहिल्या पायरीवर वादाला जागाच नसते. दुसऱ्या पायरीपासून ती सुरू होते, कारण आता एका बाजूला फुलांची जोडी आहे आणि तिच्यापासून तिसरं फूल किती लांब आहे हे ठरवायचं आहे. दोन गावांमधलं अंतर सांगताना हाच पेच पडतो. या वेशीपासून त्या वेशीपर्यंत मोजलं तर गावं शेजारीशेजारी वाटतात. या टोकाच्या वस्तीपासून त्या टोकाच्या वस्तीपर्यंत मोजलं तर तीच गावं लांब पडतात. प्रत्येक घरापासून समोरच्या प्रत्येक घरापर्यंतचं अंतर काढून सरासरी घेता येते, किंवा चावडीपासून चावडीपर्यंत सरळ मोजता येतं. चारही उत्तरं खरी असतात.

यातली वेशीपासून वेशीपर्यंतची रीत म्हणजे सिंगल लिंकेज. दोन गटांतले एकमेकांना सर्वांत जवळचे असे दोन सदस्य घ्यायचे आणि त्यांच्यातलं अंतर हेच गटांचं अंतर मानायचं. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात ह्युगो श्टाइनहाउस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९५१ साली या दिशेनं एक देखणी मांडणी केली. सगळे बिंदू कमीत कमी एकूण लांबीच्या रेषांनी एकमेकांना जोडायचे आणि मग सर्वांत लांब दुवे एकेक करून तोडत जायचं. प्रत्येक तुटलेल्या दुव्यागणिक एक गट वाढतो. कमीत कमी लांबीच्या जोडणीचा हा प्रश्न त्याआधी १९२६ साली ओटाकार बोरूव्का यांनी सोडवला होता, तो मोराव्हिया प्रांतात विजेच्या तारा कमी खर्चात कशा टाकाव्यात यासाठी. हे जाळं आणि सिंगल लिंकेजचं झाड ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे गॉवर आणि रॉस यांनी १९६९ साली नीट मांडून दाखवलं. मधल्या काळात, १९५७ मध्ये, ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पीटर स्नीथ यांनी जिवाणूंच्या वर्गीकरणासाठी हीच रीत वापरली होती.

या पद्धतीचा दोष तिच्या व्याख्येतच दडलेला आहे. दोन मोठे, स्पष्ट वेगळे गट असले आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चार-पाच सदस्य एका रांगेत पडले, की त्या रांगेवरून दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. याला साखळी लागणं म्हणतात. आयरिसच्या बाबतीत हेच होतं. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांच्या सीमा एकमेकींना टेकलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची ९८ फुलं एका साखळीत ओवली जातात. वेगळी राहतात ती फक्त व्हर्जिनिकाची दोन थोराड फुलं. त्यांतल्या एकाच्या बाहेरच्या दलाची लांबी ७.९ सेंटीमीटर आहे, दीडशे फुलांत सर्वांत जास्त.

पण हा दोष सगळीकडे दोष ठरत नाही, आणि पाठ्यपुस्तकं इथे सिंगल लिंकेजवर अन्याय करतात. जिथे निसर्गात खरोखरच साखळ्या असतात, तिथे साखळ्या शोधणारी पद्धतच हवी. जॉन हुक्रा आणि मार्गारेट गेलर यांनी १९८२ साली आकाशगंगांचे गट शोधताना ‘मित्राचा मित्र तो मित्र’ या तत्त्वावरची रीत वापरली. ठरावीक अंतराच्या आत असलेल्या दोन आकाशगंगा एका गटात, आणि त्यांच्या शेजारणीही त्याच गटात. एका ठरलेल्या उंचीवर कापलेलं सिंगल लिंकेजचं झाडच ते. विश्वातलं द्रव्य लांबट तंतूंमध्ये पसरलेलं असल्यामुळे गोल गोळे शोधणाऱ्या पद्धतीला ते तंतू दिसलेच नसते.

साथीच्या रोगांचंही तसंच. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या नमुन्यांना जनुकीय पत्ता देण्याची पद्धत बसवली. दोन नमुन्यांच्या जनुकसंचात किती अक्षरांचा फरक आहे ते मोजायचं आणि २५०, १००, ५०, २५, १०, ५ व ० या मर्यादांवर सिंगल लिंकेजनं गट पाडायचे. दोन रुग्णांचे नमुने पाच किंवा त्याहून कमी अक्षरांनी वेगळे असतील तर ते जवळचे, आणि त्यांच्यामार्फत तिसराही त्यांच्यात येतो. पहिल्या आणि शेवटच्या रुग्णाच्या जिवाणूंत बरंच अंतर पडलेलं असू शकतं, तरी साथ एकच असते. संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो आणि गणितही त्याच वाटेनं जातं.

टोकापासून टोकापर्यंत मोजणारी कम्प्लीट लिंकेज पद्धत थोर्वाल्ड सोरेन्सन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९४८ साली मांडली. डेन्मार्कमधल्या गायरानांवर कोणत्या वनस्पती एकत्र वाढतात याचा तो अभ्यास होता. सोरेन्सन यांना सारख्या विस्ताराचे गट हवे होते. दोन गटांतल्या सर्वांत दूरच्या दोन सदस्यांमधलं अंतर हेच गटांचं अंतर मानलं, तर एक पक्की हमी मिळते: दहा एककांवर झाड कापलं तर कोणत्याही गटात कुठलेही दोन सदस्य दहापेक्षा जास्त लांब नसतात. या हमीची किंमतही आहे. मूळचा पसरट गट या पद्धतीला सहन होत नाही, ती त्याचे तुकडे करते. आयरिसमध्ये व्हर्सिकलरची २३ फुलं त्यामुळे व्हर्जिनिकाच्या ४९ फुलांबरोबर जातात आणि २७ वेगळी पडतात.

सरासरीची पद्धत मधमाश्यांमधून आली. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स मिचेनर हे मधमाश्यांचे मोठे जाणकार होते. त्यांचे तरुण सहकारी रॉबर्ट सोकल व्हिएन्नात जन्मलेले. नाझींमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला आणि त्यांचं पदवीपर्यंतचं महाविद्यालयीन शिक्षण शांघायमध्ये झालं. अनुभवी वर्गीकरणतज्ज्ञ वर्षानुवर्षांच्या नजरेनं जे ठरवतो ते आकड्यांनी ठरवता येईल, असा सोकल यांचा दावा होता, आणि त्यावरून विद्यापीठात पैज लागल्याचं सांगतात. मिचेनर यांनी माश्यांच्या ९७ जातींची १२२ लक्षणं नोंदवून दिली. त्यातून १९५७ आणि १९५८ साली निघालेल्या निबंधांनी वर्गीकरणशास्त्रात मोठी खळबळ उडवली. इथे दोन गटांमधल्या प्रत्येक जोडीच्या साम्याला सारखं मत असतं, सगळ्या मतांची सरासरी घ्यायची. एखाद-दुसरा विक्षिप्त सदस्य निकाल फिरवू शकत नाही. सोकल आणि स्नीथ यांनी मिळून १९६३ साली पुस्तक लिहिलं आणि संख्यात्मक वर्गीकरण ही स्वतंत्र विद्याशाखा झाली.

मध्यबिंदूंमधलं अंतर घेणारी सेंट्रॉइड पद्धत सगळ्यांत साधी वाटते, पण तीच सगळ्यांत चमत्कारिक वागते. कागदावर अ आणि ब हे बिंदू एकमेकांपासून १० सेंटीमीटरवर काढावेत. त्यांच्या बरोबर मधून ९ सेंटीमीटर वर क. मग अ ते क आणि ब ते क ही अंतरं सुमारे १०.३ येतात. सर्वांत जवळची जोडी अ-ब, म्हणून ती १० या उंचीवर जुळते. जुळल्यावर जोडीचा मध्यबिंदू अ आणि ब यांच्या मधोमध येतो आणि तिथून क फक्त ९ वर आहे. म्हणजे नंतरची जुळणी आधीच्या जुळणीपेक्षा कमी अंतरावर झाली. झाडाची वरची फांदी खालच्या फांदीच्याही खाली उतरते. अशा झाडाला आडवी रेघ मारून गट कापणं अवघड होऊन बसतं, म्हणून पुष्कळ संशोधक या पद्धतीच्या वाटेला जात नाहीत.

ज्यो वॉर्ड यांनी अंतराचा प्रश्नच बदलला. टेक्सासमधल्या लॅकलँड हवाई दलाच्या तळावर ते मनुष्यबळाच्या संशोधनात होते. हजारो कामांचे आणि माणसांचे गट पाडायचे, म्हणजे प्रत्येकाच्या तपशिलाऐवजी गटाची सरासरी वापरायची, आणि त्यात काही माहिती हरवणारच. वॉर्ड यांनी १९६३ च्या निबंधात विचारलं, की कोणते दोन गट एकत्र केले तर हे नुकसान सर्वांत कमी वाढेल? त्याचं सूत्र निघतं ते असं: दोन्ही गटांच्या सदस्यसंख्यांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले मध्यबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग. दोन एकेकट्या बिंदूंमध्ये २ एककांचं अंतर असेल तर नुकसान येतं २. पन्नास-पन्नास सदस्यांच्या दोन गटांमध्ये तेवढंच अंतर असेल तर ते येतं १००. साहजिकच वॉर्डची पद्धत लहान गटांना आधी गिळते, मोठ्यांना शेवटपर्यंत वेगळं ठेवते आणि बहुतेक वेळा आटोपशीर, सारख्या आकाराचे गट देते. बाजारपेठेच्या अभ्यासकांना ती का आवडते हे यावरून कळतं. पण हा नीटसपणा माहितीतला असतो की पद्धतीतला, हे नुसत्या झाडावरून ओळखता येत नाही. शिवाय ‘वॉर्ड’ या नावाखाली वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी गणितं चालत होती. मुर्ताग आणि लजाँद्र यांनी २०१४ साली ते उघड केलं. आर या संगणकीय भाषेत आता त्यांना दोन वेगळी नावं आहेत आणि साधी, वर्ग न केलेली अंतरं दिली तर त्यांतलं एकच वॉर्ड यांच्या निकषाला धरून चालतं.

इतक्या पद्धतींचा एक समान सांगाडा आहे, हे लान्स आणि विल्यम्स यांनी १९६७ साली ऑस्ट्रेलियातून दाखवलं. दोन गट एकत्र झाले, की नव्या गटाचं तिसऱ्यापासूनचं अंतर जुन्या तीन अंतरांवरूनच काढता येतं, मूळ मापांकडे परत जायची गरज नाही. सूत्रात चार गुणक आहेत आणि ते बदलले की पद्धत बदलते. दोन जुन्या अंतरांच्या सरासरीतून त्यांच्या फरकाचा निम्मा भाग वजा केला की सिंगल लिंकेज, मिळवला की कम्प्लीट. वजाबाकीच्या जागी बेरीज, एवढ्यानं साखळ्या शोधणारी पद्धत साखळ्या तोडणारी होते. एखाद्या चिन्हात केवढं सामर्थ्य असतं ते पाहून आनंद वाटावा असं हे सूत्र आहे.

फिशर यांचा आयरिसवरचा निबंध निघाला त्याच १९३६ साली कलकत्त्याहून प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा सामान्यीकृत अंतरावरचा निबंध आला. त्याचं बीज नागपुरात पडलं होतं. १९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं होतं. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाला कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शारीरिक मापांचं विश्लेषण करायला सुचवलं. महालनोबिस यांच्यापुढचा प्रश्न सुरुवातीपासून गटांच्या अंतराचा होता, व्यक्तींच्या नव्हे.

साधं अंतर इथे दोन ठिकाणी फसतं. उंची सेंटीमीटरमध्ये आणि नाकाची रुंदी मिलिमीटरमध्ये घेतली की एकक बदलताच अंतर बदलतं. शिवाय मापं एकमेकांत गुंतलेली असतात. दोन गटांच्या सरासरी उंचीत ५ सेंटीमीटरचा फरक आढळला आणि पसरलेल्या हातांच्या लांबीतही ५ सेंटीमीटरचा, तर हे दोन वेगळे पुरावे होत नाहीत. उंच माणसाचे हात लांब असणारच. महालनोबिस यांनी प्रत्येक फरक गटाच्या आतल्या स्वाभाविक विखुरणीच्या तुलनेत मोजला आणि मापांमधला परस्परसंबंध हिशेबात घेऊन पुनरुक्ती काढून टाकली. हाच तो डी-स्क्वेअर. संयुक्त प्रांतात १९४१ साली झालेल्या शरीरमापन पाहणीवर त्यांनी डी. एन. मजुमदार आणि सी. आर. राव यांच्याबरोबर तो वापरला आणि १९४९ साली तो मोठा अभ्यास ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राव यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात टोकर यांची गट पाडण्याची रीतही दिली: सर्वांत जवळचे दोन घ्यायचे, तिसरा घेतल्यावर आतलं सरासरी अंतर एकदम वाढत नसेल तर त्याला सामावून घ्यायचं, वाढलं तर तिथे थांबून नवा गट सुरू करायचा.

माणसांच्या कवट्या आणि नाकं मोजण्याचा तो काळ मागे पडला, आणि पडला ते चांगलंच झालं. पण डी-स्क्वेअर टिकला. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत वनस्पती पैदास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो परिचयाचा असतो. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या वाणांचे टोकरच्या रीतीनं गट पाडायचे, गटांच्या आतली आणि गटांमधली अंतरं तक्त्यात मांडायची आणि संकरासाठी एकमेकांपासून दूरच्या गटांतले वाण निवडायचे, म्हणजे पुढच्या पिढीत विविधता येते.

शरीरमापनातूनच इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक वेगळा निष्कर्ष काढला. वि. म. दांडेकर यांच्याबरोबरचा त्यांचा महाराष्ट्रातल्या शारीरिक मापांवरचा ग्रंथ १९५१ साली आला. एका नावाखाली येणाऱ्या पोटजाती एकाच मूळ गटाचे तुकडे असतात, हा समज त्यांनी नाकारला. आपापसातच लग्नं करणारे वेगवेगळे समूह बाहेरून एका नावाखाली एकत्र आलेले असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. झाड वरून खाली फुटत गेलं की खालून वर जुळत गेलं, हा समूह विश्लेषणातला प्रश्न त्यांनी समाजाच्या इतिहासाला विचारला.

पुढे या पद्धतींवर मोठा भार पडला तो जीवशास्त्रात आणि वैद्यकात. मायकेल आयझन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली यीस्टच्या हजारो जनुकांची सक्रियता सरासरी जोडणीनं गटवून लाल-हिरव्या चौकटींच्या चित्रात मांडली. चित्राच्या कडेला डेंड्रोग्राम होता. ती मांडणी जीवशास्त्रात सर्वत्र पसरली. दोन वर्षांनी चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी ४२ व्यक्तींच्या स्तनातील गाठींचे ६५ नमुने घेतले, ८,१०२ जनुकं तपासली आणि झाड काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच नावानं ओळखल्या जाणाऱ्या गाठी त्यात वेगवेगळ्या फांद्यांवर गेल्या: ल्युमिनल, हर-२, बेसलसारखा असे प्रकार पुढे आले. स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही, ही समज त्या झाडानं पक्की केली.

मात्र असं झाड कुठे कापायचं हे डोळ्यांनी ठरत होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या तज्ज्ञांना सारखेच डेंड्रोग्राम दाखवून कोणती फांदी कोणत्या प्रकाराची ते विचारलं. बेसलसारख्या आणि हर-२ प्रकारांवर त्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं, ल्युमिनलच्या पोटप्रकारांवर झालं नाही. त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण असते. झाड एकत्र घेतलेल्या सगळ्या नमुन्यांवरून बनतं, त्यामुळे त्यात एका नव्या रुग्णाचा नमुना घातला की जुन्या रुग्णांच्याही जागा हलू शकतात. दवाखान्यात आलेल्या बाईला तिच्या गाठीचा प्रकार सांगताना हे चालत नाही. म्हणून २००९ साली पॅम-५० ही चाचणी मांडली गेली. तिच्यात ५० जनुकं मोजतात, प्रत्येक प्रकाराचा मध्यबिंदू आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि नवा नमुना त्यांतल्या ज्या मध्यबिंदूशी सर्वाधिक मिळताजुळता असेल, तो प्रकार अहवालात लिहिला जातो.